बाटली बदलली, औषध तेच

‘गेल्या साली इमॅझेथापायर मारलं, तण हटलं नाही, म्हणून यंदा औषध बदललं.’ सोयाबीनच्या पट्ट्यात दर खरिपात हे ऐकू येतं आणि दर वेळी चीड येते, कारण बदललेलं औषध बहुधा क्लोरीम्युरॉन नाहीतर डायक्लोसुलाम असतं. नावं तीन, किमती तीन, काम मात्र एकच: तणातलं एएलएस हे विकर बंद पाडणं. शंका असेल त्यांनी एचआरएसी या तणनाशक-प्रतिकार समितीचं जागतिक वर्गीकरण पाहावं. तिन्ही औषधं गट 2 मध्येच आहेत. जगात सर्वाधिक तणांनी दाद देणं सोडलंय ते याच गटाला. पहिल्या औषधातून तगलेलं झाड तिसऱ्यातूनही तगू शकतं आणि त्याचंच बी पुढच्या जूनसाठी रानात पडतं. खरा बदल म्हणजे वेगळ्या पद्धतीनं मारणारं औषध: पेरणीनंतर 48 तासांत, ओल असताना पेंडीमिथॅलिन, गवतवर्गीय तणांसाठी क्विझालोफॉप.

‘मजूर मिळत नाही, वाफसा येत नाही, मग फवारणीशिवाय करायचं काय?’ हा आक्षेप रास्त आहे. ओल्या रानात कापलेल्या केना या तणाला पेरापेराला मुळं फुटतात, तिथं नुसती डवरणी हरते. पण तणनाशक म्हणजे डवऱ्याला सुट्टी नव्हे. तण दोन ते चार पानांचं असताना, पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांत फवारणी हवी. गुडघाभर तणावर दुप्पट मात्रा ओतणं म्हणजे पैसे जाळणं. पहिल्या 30 ते 45 दिवसांत तणानं खाल्लेलं खत आणि ओल नंतरची खुरपणी परत देत नाही. त्यात उगवणशक्ती न तपासलेलं बी पेरलं की तासात खांडण्या पडतात आणि मोकळ्या जागेत ऊन पोचतं, तिथं तण माजतं. 45 सेंटिमीटरवरच्या ओळी वेळेत झाकल्या, फुलोऱ्याआधी डवरा फिरला, तर दुसरी फवारणी बऱ्याचदा टळते. एकरी एकच क्विंटल तणानं खाल्लं तरी 2025-26 च्या हमीभावानं 5,328 रुपये गेले; बाजारात भाव पडला म्हणून फवारणीचं बिल कमी होत नाही.

बाकीचे समज किरकोळ. दाट पेरल्यानं तण दबतं, पण पीक उंच वाढून लोळतं. फवारणीनंतर पानं पिवळी पडली म्हणजे पीक गेलं असं नाही, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ते सावरतं. आणि तणनाशकात कीटकनाशक, वर 19:19:19 खत कालवून एक फेरी वाचवणाऱ्यांनी बाटलीसोबतचं पत्रक एकदा उघडावं.