काचेच्या पेटीतील ऑक्टोपस : एका हौसेचा जमाखर्च

घरात किंवा पेढीवर काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवण्याची प्रथा आता नवी राहिलेली नाही. अमेरिकेतील काही हौशी मंडळी मात्र त्यापुढे जाऊन घरीच ऑक्टोपस पाळतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील, डोळ्यांखाली निळे ठिपके असलेली मध्यम आकाराची जात त्यासाठी विशेष पसंत केली जाते.

या प्राण्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. त्याला तीन हृदये असतात व त्याचे रक्त निळसर असते. सामान्य ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असून त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश त्याच्या आठ बाहूंत विखुरलेल्या असतात. सिअ‍ॅटल येथील मत्स्यालयात झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, खाऊ घालणारा माणूस कोणता आणि काठीने टोचणारा कोणता, हे ऑक्टोपस ओळखू लागल्याचे दिसून आले.

आता खर्चाची बाजू पाहू. एका मध्यम ऑक्टोपसला किमान २०० लिटरांची, खाऱ्या पाण्याची पेटी लागते. प्राणी आणण्यापूर्वी कित्येक आठवडे ते पाणी मुरवावे लागते. पाण्यात अमोनियाचा वा तांब्याचा अंश राहिल्यास तो दगावतो. झाकण घट्ट बसवून त्याला कडी लावणे अनिवार्य ठरते. कारण चोच सोडल्यास त्याच्या अंगात कठीण असे काही नसते आणि चोच शिरेल त्या फटीतून तो निसटतो. न्यूझीलंडमधील नेपियरच्या मत्स्यालयातून ‘इंकी’ नावाचा ऑक्टोपस २०१६ मध्ये असाच पेटीतून उतरला आणि सांडपाण्याच्या नळीतून समुद्राकडे निघून गेला.

खरा प्रश्न अन्नाचा आहे. ऑक्टोपस पूर्णतः मांसाहारी आहे. खेकडे, कोळंबी, शिंपले हेच त्याचे खाद्य, आणि तेही पुष्कळदा जिवंत द्यावे लागते. समुद्रात तो आपल्या स्वभावधर्माने जगतो. त्याचा दोष कोणाच्या माथी येत नाही. घरी आणल्यावर मात्र प्रत्येक खेकडा यजमानाच्याच हातून पेटीत पडतो. जीवदया मानणाऱ्या कुटुंबाला ही नोंद टाळता येणार नाही.

एवढे करूनही सहवास अल्पकाळाचाच. या जातीचे आयुष्य एक ते दोन वर्षांचे असते. मादी अंडी घातल्यावर अन्न सोडून त्यांची राखण करते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास प्राण सोडते. सोबतीला दुसरा ठेवावा, तर ते बहुधा एकमेकांवर तुटून पडतात.

ब्रिटनने २०२२ च्या कायद्यान्वये ऑक्टोपसला संवेदनशील प्राणी मानले. अमेरिकेत वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये त्याच्या व्यापारी पैदाशीवर बंदी घातली. ज्याला वेदना होते, त्याला केवळ माल समजता येणार नाही, ही जाणीव कायद्यातही उतरू लागली आहे.

मुलांना या जीवाचे कुतूहल वाटत असेल, तर ते अवश्य जोपासावे. २०२० चा ‘माय ऑक्टोपस टीचर’ हा माहितीपट त्यासाठी उत्तम. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर क्रेग फॉस्टर यांनी सुमारे वर्षभर समुद्रात उतरून एका मादी ऑक्टोपसशी स्नेह जुळवला. तिला घरी नेण्याची गरज त्यांना भासली नाही. ती अखेरपर्यंत समुद्रातच राहिली.