टाईप 1 आणि टाईप 2 एरर म्हणजे काय? फोनच्या फिंगरप्रिंटवरून समजून घ्या

पावसातून भिजून आल्यावर फोनला बोट लावलं तर तो पटकन उघडत नाही, हा अनुभव तुम्हालाही आला असेल. बोट तुमचंच, फोनही तुमचाच, तरी तो म्हणतो ‘पुन्हा प्रयत्न करा’. आता याच्या उलट विचार करा. बोट दुसऱ्याचं आणि फोन उघडला! दोन्ही वेळा फोन चुकला, पण पहिल्या चुकीत थोडी चिडचिड होते आणि दुसऱ्या चुकीत तुमचे फोटो, चॅट आणि युपीआय ॲप परक्याच्या हातात जातं.

संख्याशास्त्रात या दोन प्रकारच्या चुकांना टाईप 1 एरर आणि टाईप 2 एरर म्हणतात. येर्झी नेमन आणि इगॉन पिअरसन या दोघांनी 1928 ते 1933 या काळात ही कल्पना मांडली. आज तुमच्या फोनमधल्या अनेक गोष्टी तिच्यावरच चालतात. चला तर मग, सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी शून्य गृहीतक समजून घ्या

कुठलीही तपासणी करताना आपण एक गोष्ट आधी धरून चालतो. भक्कम पुरावा मिळाला तरच ती सोडतो. याला शून्य गृहीतक किंवा नल हायपोथिसिस म्हणतात. कोर्टात आरोपी निर्दोष आहे असं धरून सुरुवात होते, तसंच हे.

लॉक असलेला फोन काय धरून चालतो? ‘समोरचा माणूस मालक नाही.’ म्हणूनच तो बंद राहतो. बोटाचे ठसे पुरेसे जुळले की तो हे गृहीतक सोडतो आणि उघडतो. आता चुका बघा:

- टाईप 1 एरर: गृहीतक खरं होतं, तरी सोडून दिलं. म्हणजे परक्या माणसाला फोन उघडून दिला.
- टाईप 2 एरर: गृहीतक खोटं होतं, तरी धरून ठेवलं. म्हणजे खऱ्या मालकालाच बाहेर ठेवलं.

लक्षात ठेवायला ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आठवा. लांडगा नसताना गाव धावून आलं, ही टाईप 1. लांडगा खरंच आला तेव्हा कोणी आलं नाही, ही टाईप 2. गोष्टीतला चुकांचा क्रमच लक्षात ठेवायचा.

दोन्ही चुका एकदम शून्य का करता येत नाहीत?

कारण एक दाबली की दुसरी वर येते. ठसे अगदी शंभर टक्के जुळलेच पाहिजेत असा नियम केला तर परका आत येणार नाही, पण ओल्या बोटाने तुम्हीही आत जाणार नाही. नियम सैल केला तर तुमचं काम पटकन होईल, पण परक्याचंही होईल.

म्हणून कंपन्या ठरवतात की कोणती चूक जास्त महाग आहे. अँड्रॉइडमध्ये सर्वात सुरक्षित वर्गातल्या बायोमेट्रिकसाठी गुगलचा नियम असा आहे: परक्याला चुकून स्वीकारण्याचं प्रमाण 50,000 मध्ये 1 पेक्षा जास्त नको, पण मालकाला चुकून नाकारण्याचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आत असलं तरी चालेल. केवढा फरक आहे बघा! आणि पाच वेळा बोट चुकलं की फोन थोडा वेळ थांबायला लावतो, कारण प्रत्येक जादा प्रयत्नासोबत परक्याला नशिबाने आत शिरण्याची संधी वाढते.

मात्र ‘नाकारलं तर काय बिघडलं’ हे प्रत्येक ठिकाणी खरं नसतं. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लावावा लागतो. शेतात किंवा बांधकामावर राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा अनेकदा जुळत नाही. तिथे टाईप 2 एरर म्हणजे हक्काचं धान्य न मिळणं. म्हणूनच अशा ठिकाणी ओटीपी किंवा डोळ्यांचं स्कॅन असा दुसरा मार्ग असणं फार गरजेचं असतं.

कोविड टेस्टचं उदाहरण

2020 मध्ये आयसीएमआरने सांगितलं होतं की लक्षणं असलेल्या माणसाची रॅपिड अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करावी. पॉझिटिव्ह आली तर मात्र पुन्हा टेस्टची गरज नाही. असं का? ‘आजार नाही’ हे शून्य गृहीतक धरा. रॅपिड टेस्ट निरोगी माणसाला उगाच आजारी ठरवायची नाही, म्हणजे टाईप 1 एरर कमी. पण आजारी माणूस तिच्या हातून सुटायचा, म्हणजे टाईप 2 एरर जास्त. जिकडे चूक होण्याची शक्यता जास्त, तिकडेच दुसरी तपासणी लावली.

अल्फा, बीटा आणि पॉवर

टाईप 1 एररची शक्यता म्हणजे अल्फा. ती प्रयोगाआधीच ठरवतात, बहुतेक वेळा 5 टक्के. टाईप 2 एररची शक्यता म्हणजे बीटा. आणि 1 वजा बीटा म्हणजे पॉवर, म्हणजे खरा फरक असेल तर तो पकडण्याची ताकद. ती निदान 80 टक्के असावी असं सहसा धरतात.

अल्फा 5 टक्के ठेवला आणि ज्यात खरा फरकच नाही असे 20 स्वतंत्र प्रयोग केले, तर निदान एकात तरी ‘फरक सापडला’ असं वाटण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. म्हणून एखादं ॲप बटणाचे 20 रंग तपासून ‘हिरवा जिंकला’ म्हणालं तर लगेच विश्वास ठेवू नका. 2012 मध्ये हिग्ज बोसॉनचा शोध जाहीर करताना शास्त्रज्ञांनी याहून फार कडक निकष लावला होता, साधारण 35 लाखांत 1.

दोन्ही चुका एकत्र कमी करायचा खात्रीचा उपाय म्हणजे जास्त आणि चांगला डेटा. फोनमध्ये तेच बोट वेगवेगळ्या कोनातून नोंदवलं की ओळख सुधारते, ती यामुळेच.

इथे बरेच जण गोंधळतात

‘पुरावा मिळाला नाही’ म्हणजे ‘गृहीतक सिद्ध झालं’ असं नाही. संशयाचा फायदा मिळून सुटलेला आरोपी निर्दोषच होता, असं त्यावरून ठरत नाही.

दुसरा गोंधळ आकड्यांचा. समजा 1000 मेसेजपैकी 20 फसवे आहेत. फिल्टर त्यातले 19 पकडतो, पण 980 चांगल्या मेसेजपैकी 2 टक्के, म्हणजे साधारण 20, चुकून अडवतो. मग अडवलेल्या 39 पैकी निम्म्याहून जास्त मेसेज चांगलेच निघाले! फिल्टर वाईट नाही, फसवे मेसेजच मुळात कमी आहेत.

आणि तो सुटलेला एक फसवा मेसेज? तो तुमच्या इनबॉक्समध्ये आहे. तेव्हा नोकरीचा कॉल लेटर किंवा कॉलेजचा मेल सापडत नसेल तर स्पॅम फोल्डर नक्की बघा. आणि मेसेज इनबॉक्समध्ये आला म्हणून खरा समजून लिंकवर क्लिक करू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

यापुढे कुणी ‘आमची सिस्टीम 99 टक्के अचूक आहे’ म्हणालं, तर एवढंच विचारा: उरलेल्या 1 टक्क्यात कोणती चूक होते, आणि तिची किंमत कोण मोजतं?