तटाआडचे बियाणे

जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात, द्राक्षमळ्यांच्या मुलुखात, म्योन्शसोंडहाइम नावाचे लहानसे खेडे आहे. नाव उच्चारायला जरा अवघडच! त्यातला ‘म्योन्श’ म्हणजे मठातला साधू; हे गाव एके काळी एब्राखच्या मठाच्या सत्तेखाली होते. गावात चर्च, आणि चर्चभोवती किल्ल्यासारखी दगडी भिंत. आता प्रार्थनेच्या जागेला तट कशाला हो?

त्याचे असे आहे. सरदारांची भांडणे जुंपली की आधी खेडी लुटली जात, जाळली जात. घर लाकडी सांगाड्याचे. ते पुन्हा उभे करता येई. पण बियाणेच गेले तर पुढच्या साली पेरायचे काय? म्हणून शेतकऱ्यांनी भिंतीला आतून लागून लहान लहान कोठ्या बांधल्या. त्यांना तिकडे ‘गाडेन’ म्हणतात. वर धान्य, खाली तळघरात द्राक्षमद्याची पिंपे. संकट आले की माणसेही आत शिरत. पुढे शांतता झाली, तरी तळघरातला गारवा कामाचाच होता; बटाटे, कंद तिथे चांगले टिकत.

जवळच 1557 सालचे पंचांच्या बैठकीचे घर आहे, जुनी खाणावळ आहे, शाळा आहे. आज या साऱ्यांचे मिळून एक संग्रहालय झाले आहे, आणि धान्याच्या कोठ्यांतून गावच्या जुन्या कारागिरांची हत्यारे पाहायला मिळतात.