वरातीतला ट्रम्पेट : हळदोण्याच्या एका बँडमास्तरची कारकीर्द

तुळशीचे लग्न लागले की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत लग्नसराईची चाहूल लागते. हळदीच्या रात्री बेंजो आणि वरातीला ब्रास बँड, अशी गेल्या कित्येक वर्षांची वहिवाट आहे. बँडमास्तरच्या तोंडी ट्रम्पेट असतो. एखाद्या जुन्या पाहुण्याने फर्माईश केली की तो ‘अलबेला’तली चाल उचलतो आणि वरातीतली माणसे भगवानदादांसारखे खांदे उडवत जागच्या जागी डोलू लागतात. हे गाणे कोणाचे, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, भगवानदादांचे. थोडा जाणकार असेल तो म्हणेल, सी. रामचंद्रांचे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये ट्रम्पेट जे बोलतो, ते या मातीत आले कोठून, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधताना आपण गोव्यातल्या हळदोणे गावी पोचतो आणि एका बँडमास्तरची भेट होते. त्याचे खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. जग त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखत असे.

चर्चची शाळा आणि ताजचा मंच

वाझ यांचा जन्म १९१६चा, बार्देश तालुक्यातल्या हळदोण्याचा. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या गावोगावच्या चर्चना संगीताच्या शाळा जोडलेल्या असत. तेथे मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत आणि बरोबर व्हायोलिन किंवा एखादे फुंकवाद्य हाती देत. प्रार्थनेला गायक-वादक मिळावेत एवढाच त्या शिक्षणाचा हेतू होता. पण घरी शेती थोडी आणि नोकऱ्या त्याहून थोड्या, अशा गावांत तीच विद्या पोट भरण्याचे साधन झाली. कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवणारा माणूस पलटणीच्या बँडला, मूकपटाच्या थेटराला, संस्थानिकांच्या वाद्यवृंदाला आणि मोठ्या हॉटेलांना हवाच असे. गोवेकर वादक मुंबईला येत, धोबी तलावाजवळच्या आपल्या गावच्या ‘कुडी’त पथारी टाकत आणि काम शोधत.

त्याच सुमारास मुंबईत एक नवे संगीत उतरले. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडमास्तर आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. स्वदेशात वर्णभेदाने जे दरवाजे त्यांना बंद होते, त्यांतले काही परदेशी उघडत होते. वेदरफोर्ड तर येथेच रमला आणि १९४५ साली कोलकात्यात पटकीने वारला. या मंडळींच्या शेजारी बसून गोवेकर वादकांनी जाझ शिकून घेतले. कुडचडेचा फ्रँक फर्नांड हा त्यांतलाच एक. पुढे त्याने ‘आमचें नशीब’ हा कोकणी चित्रपट काढला.

वाझ यांचा आदर्श होता लुई आर्मस्ट्राँग. ट्रम्पेटची फेक, गाताना घशातून काढलेला खरखरीत आवाज, मंचावरची ढब, सारे त्यांनी आर्मस्ट्राँगवरून उचलले आणि ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी मिळवली. १९४५च्या सुमारास त्यांचा ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा ताफा अपोलो बंदरच्या ग्रीन्स हॉटेलात वाजवू लागला. ज्या जागी आज ताजची उंच नवी इमारत आहे, तेथे हे हॉटेल होते. तेथून ते शेजारच्या ताजमध्ये गेले आणि मुंबईच्या जाझमधले पहिल्या रांगेतले नाव झाले.

रात्री हॉटेल, दिवसा स्टुडिओ

हॉटेलातल्या नाचावर दोन वेळची भाकरी बारमाही सुटेल, असा भरवसा नव्हता. १९४७ साली इंग्रज गेले आणि नाचघरांचा मोठा गिऱ्हाईकवर्ग गेला. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने उरलेल्याची रया घालवली. पण त्याच वर्षांत हिंदी चित्रपटाला मोठ्या वाद्यवृंदाची भूक लागली होती. ताजच्या मंचावरचे हात दिवसा स्टुडिओत वाजू लागले.

तेथे त्यांची गाठ पडली रामचंद्र नरहर चितळकर यांच्याशी, म्हणजेच सी. रामचंद्रांशी. पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेले, विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेले आणि पेटीवर बसून चाल बांधणारे हे मराठी संगीतकार. त्यांचा कान मात्र चौफेर होता. चिक चॉकलेट त्यांचे सहायक झाले. या ‘सहायक’ शब्दात काय काय दडले होते, ते सांगितल्याशिवाय हा विषय कळायचा नाही.

संगीतकार पेटीवर चाल म्हणे. सहायक ती ऐकता ऐकता स्वरलिपीत उतरवून घेई. मग गाण्याच्या आधी काय वाजेल, मुखडा आणि अंतरा यांच्या मधली जागा कोण भरील, गायिकेच्या आवाजामागे व्हायोलिने किती राहतील, ट्रम्पेट कोठे डोके वर काढील, हे ठरे. त्यानुसार प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहावा लागे. सतार किंवा सारंगी वाजवणारे घराण्यातले कलावंत ऐकून वाजवत, गोवेकर कागद पाहून वाजवत. दोघांना एका तालात आणि एका सुरात आणणे हे सहायकाचे काम. यातले किती संगीतकार सांगे आणि किती सहायकाच्या डोक्यातून येई, हे गाण्यागणिक बदले. चाल संगीतकाराची असे, यात वाद नाही. पण आपल्या कानात गाणे म्हणून जे साठते, ते चालीपेक्षा मोठे असते.

‘समाधी’ (१९५०) चित्रपटातले ‘गोरे गोरे’ घ्या. त्याचे मूळ ‘डॉल फेस’ या १९४५च्या अमेरिकन चित्रपटातल्या एका लॅटिन गाण्यात आहे. पुढल्याच वर्षी ‘अलबेला’ आला. गिरणी कामगाराचा मुलगा असलेले भगवानदादा त्याचे नायक आणि दिग्दर्शक. ऐन वेळी पडद्याआड राहणारा चिक चॉकलेटचा ताफा या चित्रपटात झालरीच्या बाह्यांचे लॅटिन पोशाख घालून चक्क पडद्यावर आला. ज्या प्रेक्षकाने ताजची पायरी कधी चढली नव्हती, त्याने ताजचा बँड चार-सहा आण्यांच्या तिकिटात पाहिला. जत्रेतल्या तंबू-सिनेमातून, रेडिओवरून आणि लग्नाच्या भोंग्यावरून तो सूर खेड्यापाड्यांत गेला.

स्विंग म्हणजे काय?

या संगीताने आपल्या गाण्यात नेमके काय आणले, ते आपल्याच शब्दांत सांगता येते. एका मात्रेचे तीन सारखे भाग करा. पहिला आणि तिसरा वाजवा, मधला गाळा. हाच क्रम मात्रेमागून मात्रा चालू ठेवला की लय चालता चालता झुलू लागते. हाच स्विंग. ढोलकीवर चांगला हात बसलेला माणूस असा झोल सहज देतो. म्हणून तर ही परदेशी लय आपल्या अंगाला परकी वाटली नाही.

दुसरी गोष्ट सवाल-जवाबाची. ट्रम्पेटने एक वाक्य टाकायचे आणि सॅक्सोफोनच्या घोळक्याने ते झेलायचे. गोंधळात किंवा पोवाड्यात झीलकरी जे करतात, ते येथे वाद्ये करतात. तिसरी गोष्ट म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडावर झाकण धरून काढलेला दबका, कुरकुरता आवाज. तो विनोदी गाण्यात हसतो आणि विरहाच्या गाण्यात हुंदका देतो.

चिक चॉकलेट यांना फक्त उडत्या चालीच येत होत्या, असा समज मात्र करून घेऊ नये. १९५१ सालच्याच ‘नादान’ चित्रपटाचे संगीत त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. त्यातले तलत महमूद यांनी गायलेले ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ हे संथ, हळवे गाणे तलतप्रेमींच्या आजही ओठावर असते. ते ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटचे, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते.

बाल्कनमधली भावंडे

असेच काहीसे युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात, बाल्कन देशांत घडले. १८२६ साली तुर्की सुलतानाने जुनी जानिसारी फौज मोडली आणि दोन वर्षांनी जुझेप्पे दोनिझेत्ती या इटालियन बँडमास्तरला बोलावून पाश्चात्य धर्तीचा लष्करी बँड उभा केला. अशा लष्करी बँडांची पितळी वाद्ये पुढे खेड्यांत उतरली आणि लग्नात वाजू लागली. आपल्याकडे इंग्रजी पलटणीच्या बँडचा वरातीचा बँड झाला, तीच ही वाट. तेथे ती वाद्ये अनेक ठिकाणी रोमा लोकांच्या हाती आली. या रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, हे भाषाशास्त्राने आणि जनुकशास्त्राने सिद्ध झाले आहे.

बोस्नियातल्या यायत्से गावी १९३१ साली जन्मलेला ट्रम्पेटवादक दुश्को गोयकोविच हा तिकडचा मोठा जाझ बँडमास्तर. १९६६ साली त्याने ‘स्विंगिंग मॅसेडोनिया’ ही तबकडी काढली आणि आपल्या मुलखातल्या विषम मात्रांच्या लोकलयी जाझमध्ये आणल्या. त्या भागातली सात मात्रांची लय तीन, दोन, दोन अशी मोजली की आपला रूपक डोळ्यांसमोर येतो. गोयकोविचला आपले संगीत आपल्या नावाने मांडता आले. सर्बियाच्या बोबान मार्कोविच या रोमा बँडमास्तरची गोष्ट थोडी वेगळी. ‘अंडरग्राउंड’ (१९९५) या गाजलेल्या चित्रपटात त्याचा ताफा वाजला, पण त्या संगीताबरोबर जगभर गेलेले नाव संगीतकार गोरान ब्रेगोविचचे. मार्कोविचने मात्र गुचा गावच्या ट्रम्पेट महोत्सवात स्पर्धा जिंकून, पुढे स्वतःच्या तबकड्या काढून आपले नाव मिळवले. १९६१ पासून एक गाव दरवर्षी बँडमास्तरांची नावे पुकारते, त्याचा एवढा उपयोग झाला.

तबकडीवरचे नाव

आपल्याकडे तशी पुकार झाली नाही. जुन्या तबकडीच्या गोल कागदावर गायक, संगीतकार, चित्रपट एवढीच नावे मावत. वादकाला एका रेकॉर्डिंगचे ठरलेले पैसे मिळत आणि हिशेब तेथेच मिटे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजले तरी त्यातला पैसा त्याच्याकडे वळत नसे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात वादकाच्या हक्काला जागा नव्हती. कलावंताचा हक्क म्हणून ती १९९४च्या दुरुस्तीने मिळाली. चिक चॉकलेट तेव्हा जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. ‘आखरी खत’ (१९६६) या चेतन आनंदांच्या चित्रपटात खय्याम यांच्या संगीतावर ते नाचघरातल्या प्रसंगात ट्रम्पेट वाजवताना दिसतात. १९६७च्या मे महिन्यात ते वारले. वय अवघे पन्नाशीच्या आसपास. पहिली ‘जाझ यात्रा’ मुंबईत भरली ती १९७८ साली, म्हणजे तीही त्यांनी पाहिली नाही.

अलीकडे यातले थोडे ऋण फेडले गेले. ग्रेगरी बूथ यांनी वरातीच्या बँडवर आणि मग मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांवर ग्रंथ लिहिले. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जाझचा इतिहास आला. दोन्ही कामे इंग्रजीत आहेत. ज्या सी. रामचंद्रांच्या पेटीशेजारी चिक चॉकलेट बसले, त्यांच्या मराठीत मात्र या सहायकांवर फारसे लिहिले गेलेले नाही.

शहापूरकरांना ही गोष्ट वेगळी समजवावी लागू नये. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबई पिते आहे. पुढे मोडकसागर आला, भातसा आले. तिन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईत नळ सोडणाऱ्याला धरणाचे नाव आठवत नाही, आणि उन्हाळ्यात धरणाकाठच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मोडकसागराला निदान अभियंत्याचे नाव आहे. दगड वाहणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत. मुंबईच्या गाण्याचेही तसेच आहे. त्याचे पाणी हळदोणे, कुडचडे, माजोर्डे अशा गावांतून आले आणि तोटीवर नाव दुसऱ्याचे लागले.

आता हीच गोष्ट आपल्या दारात पुन्हा घडते आहे. हळदीतला बेंजो म्हणजे १९१२च्या सुमारास जपानात घडवलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा, आपण ज्याला बुलबुल तरंग म्हणतो त्याचा, विजेवर चालणारा नातू. त्याच्या पट्ट्यांवर आगरी, कोळी, कुणबी गाण्यांना नव्या चाली आणि नव्या जागा मिळाल्या. त्या कोणी बसवल्या? मुरबाड-शहापूरच्या बँडमध्ये पहिला ट्रम्पेट कोणी फुंकला, तो कोणाकडून शिकला, म्हशाच्या जत्रेत कोणाचा ताफा वाजे, पाड्यावरचे तारपेवाले कोण? हे सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत. साउंड सिस्टिमच्या भिंतीपुढे त्यांतल्या अनेकांची वाद्ये पेटीत बंद झाली आहेत.

त्यासाठी विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. गावच्या वाचनालयाने एक वही घालावी, महाविद्यालयातल्या मुलांनी घरोघर जाऊन नाव, गाव, वाद्य, गुरू आणि साल एवढे पाचच रकाने भरावेत. लग्नपत्रिकेत आचाऱ्याचे आणि मंडपवाल्याचे नाव छापले जाते, तेथे बँडमास्तरचेही छापावे. ऐकणाऱ्याने वाजवणाऱ्याचे नाव विचारावे, एवढीच चिक चॉकलेटच्या कारकिर्दीची शिकवण आहे, आणि ती या लग्नसराईपासून अमलात आणता येण्याजोगी आहे.