तालीम सुटते, खुराक सुटत नाही

पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. पुढे राज्य शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षक केले. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे उलटे झाले. बारावीनंतर ते सैन्यात भरती झाले, सियाचीनला राहिले आणि शर्यतींकडे वळले ते २०१५ मध्ये. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पोटाची सोय आधी, पदक नंतर.

डॉक्टर म्हणून मला हा क्रम मोलाचा वाटतो. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत साबळे यांच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. पगार चालू असलेला खेळाडू तेवढे दिवस गुडघ्याला देऊ शकतो. ज्याचे घर पुढच्या जत्रेतील इनामावर चालते, तो सुजलेला गुडघा बांधून फडात उतरतो आणि पस्तिशीत कठड्याला धरून जिना चढतो.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे; पण पदाला शिक्षणाची अट असतेच. शाळा सोडून तालमीत राहिलेल्या पोराला त्याचा काय उपयोग? १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिक कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांनाही पोलीस खात्यात नोकरी लागली ती १९५५ मध्ये. तेव्हा वस्तादांनी आणि पालकांनी निदान बारावी होऊ द्यावी. पुढे स्पर्धांचे दौरे सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते.

आता शरीराचे. रोज चार-पाच तास मेहनत करणाऱ्याची भूक मोठी असते. तालीम बंद झाली तरी दूध, तूप, बदाम चालूच राहतात. आईला वाटते, पोरगा वाळला! स्नायू उतरतात, पोट सुटते आणि चाळिशीच्या आतच रक्तदाब नाही तर साखर निघते. म्हणून व्यायाम एकदम न थांबवता काही महिन्यांत हळूहळू उतरवावा, खुराकही त्याच बेताने कमी करावा. रोज तासभर चालणे, थोड्या जोर-बैठका कायम ठेवाव्यात.

झोप न येणे, छातीत धडधड, चिडचिड, कशातच मन न लागणे याला घरचे आळस म्हणतात. काल फेटा बांधणारे गाव आज ओळख देत नाही, हे पचवणे सोपे नसते. दारू पुष्कळदा इथूनच लागते. पंधरा दिवसांहून अधिक असे चालले तर डॉक्टरांना दाखवावे. खेळ थांबल्यावर पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी वजन, कंबर, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी. चक्कर आली किंवा छातीत दुखले तर मात्र त्याच दिवशी ईसीजी काढावा.