फेरूल: काळी, पांढरी आणि पितळी

पूल क्यूच्या टोकाला, चामड्याच्या टीपच्या लगेच खाली, इंचभर किंवा त्याहून आखूड नळी असते. तीच फेरूल. काठीचं टोक फुटू नये म्हणून शेंबी बसवतात, तसंच काम ही करते. टीपवर बसणाऱ्या दणक्याने शाफ्टचं, म्हणजे क्यूच्या पुढच्या दांड्याचं, मेपलचं लाकूड उभं चिरू नये आणि टीप चिकटवायला सपाट, टणक बैठक मिळावी, एवढंच तिच्याकडून अपेक्षित असतं. पण नांदेड-लातूरच्या एखाद्या पार्लरमध्ये कोणी स्वतःचा क्यू घेऊन आला, की लक्ष आधी रंगाकडे जातं. काळी म्हणजे कार्बन, पांढरी म्हणजे जुनाट, पितळी म्हणजे मजबूत, अशी सरळ वाटणी झालेली असते.

रंगाचं आधी उरकून टाकू. एकच प्लास्टिक पांढऱ्या रंगात येतं आणि काळ्या रंगातही. चेंडूला त्यातला फरक कळत नाही. जागतिक पूल संघटनेच्या साहित्य-नियमांत टीपची रुंदी जास्तीत जास्त १४ मिलिमीटर आणि धातूची फेरूल जास्तीत जास्त २५.४ मिलिमीटर लांब, अशी बंधनं आहेत. रंगाला तिथे बंधन नाही. फरक पडतो तो नजरेला. काहींना नेम धरताना पांढऱ्या फेरूलची कड स्पष्ट दिसलेली बरी वाटते, तर टेबलावर लोंबणाऱ्या दिव्याखाली तीच काहींच्या डोळ्यांवर येते. काळीवर चॉकचे निळे डाग दिसत नाहीत, हा तिचा खरा फायदा. दुकानदार काळ्या रंगाचे जादा पैसे सांगत असेल, तर साहित्य कोणतं हे विचारावं. काळं एबीएस प्लास्टिक हे एबीएसच असतं.

हे डाग काढायला पॉलिश पेपर घासण्याची सवय मात्र महागात पडते. क्यूचा चॉक म्हणजे फळ्यावरचा खडू नव्हे. अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ साली पेटंट घेतलेल्या या मिश्रणात सिलिकासारखे खरखरीत कण असतात आणि वर रंग असतो. पॉलिश पेपरने डागाबरोबर फेरूलही झिजते. काही महिन्यांत ती शाफ्टपेक्षा बारीक होते आणि टीप कडेने बाहेर डोकावू लागते. घट्ट पिळलेलं ओलसर फडकं पुरतं, फक्त लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही.

आता पितळ. महाराष्ट्रात क्यूच्या खेळाचा नावलौकिक बिलियर्ड्स-स्नूकरमधून आला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. त्या खेळांच्या क्यूला टोकाशी पितळ दिसतं, म्हणून ‘खरी फेरूल पितळेची’ ही समजूत पक्की झाली असावी. पण दोन्ही क्यूंची मापं वेगळी आहेत. स्नूकरची टीप साधारण साडेनऊ मिलिमीटरची आणि पितळी नळी पातळ असते. तिची भिंत पाऊण मिलिमीटर आणि लांबी एक सेंटिमीटर धरली, तर वजन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास येतं. पूलची टीप १३ मिलिमीटरच्या घरातली. तिथे आत ८ मिलिमीटरचा लाकडी खुंट ठेवून २५ मिलिमीटर लांबीची नळी एबीएसची केली, तर ती सव्वादोन ग्रॅमच्या आत बसते. त्याच मापाची पितळेची केली, तर सतरा ग्रॅमच्या वर जाते!

हा फरक खेळात उतरतो. चेंडूच्या मध्यावर न मारता बाजूला मारला, की पांढरा चेंडू नेमाच्या रेषेवरून थोडा विरुद्ध बाजूला सरकतो. याला स्क्वर्ट म्हणतात. टीप आणि चेंडूचा स्पर्श जेमतेम एक हजारांश सेकंद टिकतो. तेवढ्या वेळात क्यूच्या टोकाचा साधारण वीतभर भागच बाजूला ढकलला जातो. तो जितका जड, तितका स्क्वर्ट जास्त. म्हणून कमी स्क्वर्टच्या शाफ्टचे निर्माते टोकाचं वजन घटवतात. फेरूल आखूड आणि हलकी करणं हा त्यातलाच एक मार्ग. कार्बन फायबरच्या शाफ्टला नाव मिळालं त्यातही हलक्या टोकाचा वाटा मोठा आहे. साध्या मेपलला काळं प्लास्टिक चढवून ते गुण येत नाहीत.

‘कडक फेरूल म्हणजे जास्त फिरकी’ हेही असंच. चेंडूला पकडते ती टीप, आणि फिरकी ठरते ती चेंडूवर कुठे मारलं यावर. टीप गुळगुळीत झाली असेल किंवा चॉक नीट लागला नसेल, तर महागडी फेरूलही मिसक्यू, म्हणजे टीपचं चेंडूवरून घसरणं, थांबवू शकत नाही.

हस्तिदंताचं आकर्षण अजून कुठे कुठे टिकून आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. १९८६ आणि १९९१च्या दुरुस्त्यांनंतर भारतीय आणि आयात आफ्रिकी, दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद झाला. तेव्हा ‘ओरिजिनल आयव्हरी’ म्हणून कोणी फेरूल पुढे केली, तर ती एक तर नकली आहे किंवा बेकायदा. शिवाय हवेतला ओलावा कमी-जास्त झाला की हस्तिदंत तडकतो. बालाघाटच्या पठारावरचं लातूर असो की गोदाकाठचं नांदेड, मे महिन्यात चाळिशीपार कोरडं ऊन आणि जुलैत दमट हवा. अशा ठिकाणी कापड भरून तयार केलेलं फिनॉलिक प्लास्टिक किंवा चांगलं एबीएस अधिक भरवशाचं.

याच हवेमुळे लाकडी खुंटही आकसतो-फुगतो आणि फेरूलची पकड सैल होते. उन्हात उभ्या गाडीत क्यू ठेवला तर चिकटवलेला जोडही कमजोर होतो. मारताना नेहमीच्या ‘टक’ऐवजी बद्द आवाज आला, तर आधी टीप आणि मग फेरूलवर केसाएवढी चीर आहे का ते बघावं. चिरेवर फेविक्विक ओतून काही दिवस निघतात, पण चीर पुढे सरकतच राहते. बदलायची झाल्यास क्यूची कामं केलेला लेथवाला गाठावा, आणि जुनी फेरूल फेकून न देता नेऊन द्यावी. आतला व्यास, लांबी आणि आटे आहेत की नाहीत, हे त्याला तिच्यावरूनच मोजता येतं.