वॉकर, फुलर, टकर : एका व्यवसायाची तीन आडनावे

इंग्रजी आडनावांशी भारतीय भाषकांचा परिचय गेल्या दोन शतकांत घडला तो मुख्यतः राज्यकर्ते, मिशनरी आणि कोशकार यांच्यामुळे. मोल्सवर्थ, कँडी, एल्फिन्स्टन ही नावे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात इतकी रुळली आहेत की त्यांनाही काही अर्थ असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. क्वचित विचारलाच, तर त्याचे उत्तर आजच्या इंग्रजी शब्दकोशात शोधले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. वॉकर या आडनावाचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. शाळकरी इंग्रजीच्या बळावर कोणीही त्याचा अर्थ ‘चालणारा’ असा सांगेल. वस्तुतः वॉकर म्हणजे लोकरीचे कापड तुडवून दाट करणारा कारागीर. फुलर आणि टकर या आडनावांचा अर्थही नेमका हाच आहे. एका धंद्याला तीन नावे का पडली आणि ती देशाच्या तीन भागांत का विखुरली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम तो धंदा काय होता ते पाहिले पाहिजे. मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ, खरखरीत आणि तेलकट असते. ते पाण्यात भिजवून, त्यात विशिष्ट माती किंवा शिळे मूत्र घालून, बराच वेळ पायांनी तुडवीत. त्यामुळे लोकरीतील तेल निघून जाई, तंतू एकमेकांत गुंतत, कापड आटे आणि दाट, उबदार होई. नंतर ते आकड्या लावलेल्या चौकटींवर ताणून वाळवीत. या कामासाठी वापरावयाच्या मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणजे फुलरची माती म्हणतात. आपल्याकडे बाजारात मुलतानी माती म्हणून मिळते ती हीच. आपल्या घरांत तिचा संबंध चेहऱ्याच्या लेपाशी उरला असला तरी तेल शोषून घेण्याचा तिचा गुण दोन्हीकडे एकच आहे. या कारागिराला मराठीत नेमका शब्द नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूच्या वस्त्रांची शुभ्रता सांगताना ज्या कारागिराचा उल्लेख आहे, त्याच्यासाठी मराठी बायबलात ‘परीट’ हा शब्द योजलेला आहे. अनुवाद म्हणून तो योग्यच आहे, परंतु परीट वापरलेले कपडे धुतो, तर फुलर नवे कापड पुरे करतो, हा भेद त्यात लोपतो. गंमत अशी की, चौदाव्या शतकात विक्लिफच्या परंपरेतील इंग्रजी अनुवादकांसमोरही याच ठिकाणी अडचण उभी राहिली होती. त्यांच्या जुन्या पाठात फुलर आणि वॉकर हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवलेले आढळतात. एका प्रांतातील वाचकाला एक शब्द कळेल, दुसऱ्याला दुसरा, अशी ती तजवीज होती.

आता व्युत्पत्तीकडे वळू. ‘फुलर’ हा शब्द लॅटिन ‘फुल्लो’ या शब्दापासून जुन्या इंग्रजीत आला आणि नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधील सजातीय शब्दाने त्याला पुष्टी दिली. फ्रान्समधील फूलाँ हे आडनाव त्याच कुळातील आहे. ‘टकर’ हा जुन्या इंग्रजीतील ‘टूकिअन’ या क्रियापदाशी निगडित असून त्याचा मूळ अर्थ छळणे, पिडणे असा होता. कापडाला बडवणे, ओढणे, तुडवणे हा छळच असल्यामुळे मध्ययुगीन इंग्रजीत त्या क्रियापदाला हा धंदेवाचक अर्थ लाभला.

तिघांत ‘वॉकर’ हा शब्द सर्वांत अधिक फसवा आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेअल्कन’ म्हणजे घोळणे, लोटणे, हेलकावणे; आणि ‘वेअल्केरे’ म्हणजे कापड तुडवणारा. चालणे हा अर्थ या धातूला नंतर, मध्ययुगीन इंग्रजीत प्राप्त झाला. म्हणून ‘कापडावर चालत असे म्हणून वॉकर’ ही लोकप्रिय उपपत्ती ऐकावयास गोड असली तरी तिचा क्रम उलटा आहे. कारागिराचे नाव आधीचे, चालण्याचा अर्थ मागाहूनचा. जर्मन भाषेत ‘वाल्केन’ या क्रियापदाचा कापड तुडवणे हाच अर्थ आजही आहे, आणि इटालियन भाषेने या कामाच्या गिरणीचे नाव जर्मानिक भाषांकडूनच उसने घेतले. काही व्युत्पत्तिकार याच धातूचा संबंध संस्कृत ‘वल्ग्’ म्हणजे उड्या मारणे, उसळणे या धातूशी जोडतात. तो मान्य केल्यास मराठीतील ‘वल्गना’ आणि इंग्रजांचे वॉकर आडनाव दूरचे आप्त ठरतात. अशा दूरच्या नात्यांवर फार भार टाकू नये हे खरे. परंतु धातूचा मूळ भाव पावले टाकण्याचा नसून उसळण्या-घोळण्याचा होता, एवढ्यास त्याचा आधार पुरेसा आहे.

या तीन शब्दांची प्रादेशिक विभागणी इंग्रजी बोलींच्या अभ्यासकांना फार उपयोगी पडली आहे. इंग्लंडचा उत्तर भाग, मध्य प्रांत आणि स्कॉटलंडचा सखल प्रदेश येथे वॉकर. केंट, ससेक्स, सरे, एसेक्स आणि ईस्ट अँग्लिया या आग्नेय व पूर्व भागांत फुलर. तर डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल या नैर्ऋत्य टोकाकडे टकर, अशी ढोबळ वाटणी दिसते. एक्सेटर या डेव्हनच्या मुख्य शहरात विणकर, कापड तुडवणारे आणि कातरणारे यांच्या संघाचे पंधराव्या शतकात बांधलेले सभागृह आजही ‘टकर्स हॉल’ या नावाने उभे आहे. तेच सभागृह यॉर्कशरमध्ये असते तर त्याचे नाव निराळे पडले असते. वेल्समध्ये तुडवणीच्या गिरणीला ‘पांडी’ म्हणत. कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध झालेल्या टोनीपांडी या गावाच्या नावात ती गिरणी आजही शिल्लक आहे.

येथे आडनावांचे साक्षीदार म्हणून मोल लक्षात येते. मध्ययुगीन दप्तरे प्रायः लॅटिनमध्ये लिहिली जात. कारकून धंद्याचा उल्लेख करताना सगळीकडे ‘फुल्लो’ असेच लिहून मोकळा होई. त्यावरून त्या गावचे लोक प्रत्यक्षात कोणता शब्द उच्चारीत होते हे कळण्यास मार्ग राहत नाही. परंतु व्यक्तीची ओळख पटविण्यासाठी लोकांच्या तोंडचे उपनाव लिहावेच लागे, आणि तेथे वॉकर किंवा टकर हा देशी शब्द दप्तरात शिरला. १३७७, १३७९ आणि १३८१ या वर्षांच्या डोईपट्टीच्या याद्या याच कारणाने अभ्यासकांना मोलाच्या वाटतात. पी. एच. रीनी यांचा ब्रिटिश आडनावांचा कोश १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याची उभारणी अशाच दप्तरांवर आहे. २०१६ साली ऑक्सफर्डने प्रकाशित केलेल्या हँक्स, कोट्स आणि मॅक्लूर यांच्या बृहत्कोशाने तीच वाट अधिक विस्तृत केली.

इंग्लंडमध्ये आडनावे वंशपरंपरागत होण्याची क्रिया स्थूलमानाने तेराव्या-चौदाव्या शतकांत घडली. दक्षिणेत लवकर, उत्तरेत उशिरा. बापाचा धंदा मुलाने केला नाही तरी नाव मागे राहू लागले, तेव्हा ते आडनाव झाले. ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवावी असे मला वाटते. आपल्याकडे साळी, कोष्टी, शिंपी, परीट ही नावे धंद्याबरोबरच जातीची वाचक आहेत, आणि त्यांच्यासह विवाहसंबंधांची व सामाजिक पायरीची एक संपूर्ण चौकट येते. इंग्रजी व्यवसायनामांमागे अशी चौकट नाही. वॉकर कुळातील मुलगी स्मिथ किंवा टेलर कुळात जाण्यास नावाचा अडसर कधीच नव्हता. म्हणून ‘टेलर म्हणजे इंग्रजांचे शिंपी’ असली समीकरणे शब्दार्थापुरती खरी असली तरी समाजशास्त्राच्या दृष्टीने दिशाभूल करणारी आहेत. तुलना करावयाचीच असेल तर ती मुंबईच्या पारशी समाजातील इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर, डॉक्टर या आडनावांशी अधिक जुळेल. तेथेही एका पूर्वजाचा पेशा गोठून आडनाव झाला आहे, आणि त्या आडनावाचा वंशज आज कोणता उद्योग करतो याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आडनावे स्थिर होत असतानाच धंद्याचे स्वरूप पालटत होते, हेही लक्षणीय आहे. टेम्पलर पंथाच्या ११८५ च्या मिळकतनोंदीत यॉर्कशर आणि ग्लॉस्टरशर येथील तुडवणीच्या पाणचक्क्यांचा उल्लेख आहे. पाण्याच्या जोरावर उचलले जाणारे लाकडी हातोडे पायांचे काम करू लागले होते. एलिनोरा कॅरस-विल्सन यांनी १९४१ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात याला तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती म्हटले. पुढील संशोधकांनी त्या दाव्याच्या व्याप्तीवर आक्षेप घेतले आहेत. वाद कसाही मिटो, वॉकर आडनाव धारण करणाऱ्या पहिल्या पिढ्यांतील पुष्कळांनी कापडाला पाय न लावता केवळ चक्कीवर देखरेख केली असणार हे उघड आहे.

संख्येचा विचार करता वॉकर हे तिघांत फार पुढे आहे. ब्रिटनमधील सर्वाधिक प्रचलित अशा पहिल्या वीस आडनावांत त्याची गणना होते. याचे एक कारण त्या शब्दाच्या बोलीक्षेत्राचा विस्तार; दुसरे, मला अधिक महत्त्वाचे वाटणारे, म्हणजे लँकेशर आणि यॉर्कशर या वॉकरप्रदेशांची एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक लोकसंख्यावाढ. शिवाय स्कॉटलंडमधील गेलिक भाषेत ‘तुडवणाऱ्याचा पुत्र’ अशा अर्थाचे जे कुलनाम होते, त्याचेही इंग्रजी रूपांतर वॉकर असेच झाले. थोडे वॉकर मात्र या धंद्याशी मुळीच संबंधित नसावेत. टाइन नदीकाठी वॉकर नावाचे गाव असून त्याचा अर्थ ‘भिंतीजवळची दलदल’ असा आहे, आणि ती भिंत म्हणजे रोमन सम्राट हेड्रिअनची.

यावरून उघड होते की सर्व वॉकर एका मूळ पुरुषाचे वंशज असणे शक्य नाही. शेकडो गावांत शेकडो कारागिरांना हे नाव स्वतंत्रपणे मिळाले. किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ब्रिटिश आडनावे आणि पितृवंशीय गुणसूत्र यांच्या अभ्यासातून दाखविले की, विरळ आडनावांच्या पुरुषांत समान पूर्वजाची खूण ठळक मिळते, स्मिथसारख्या अतिप्रचलित व्यवसायनामात ती मिळत नाही.

अटलांटिकच्या पलीकडे हा प्रश्न निराळेच वळण घेतो. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून गेलेले फुलर बंधू नॉरफोकचे होते, म्हणजे फुलरप्रदेशातलेच. येथवर बोलीचा नकाशा साथ देतो. परंतु अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत वॉकर आडनावाच्या सुमारे पाच लक्ष व्यक्तींची नोंद झाली, आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होत्या. देशाच्या लोकसंख्येतील कृष्णवर्णीयांच्या तत्कालीन प्रमाणाच्या, म्हणजे सुमारे बारा टक्क्यांच्या, कितीतरी पट हे प्रमाण आहे. कारण गुलामगिरी. मुक्त झालेल्या माणसांना सरकारी कागदावर आडनाव लिहावे लागले. कोणी पूर्वीच्या मालकाचे लिहिले, कोणी शेजारपाजारचे एखादे निवडले. १८२९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध जळजळीत आवाहन प्रसिद्ध करणारे डेव्हिड वॉकर, केशप्रसाधनांच्या व्यवसायातून संपन्न झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर, ‘द कलर पर्पल’ या कादंबरीसाठी १९८३ चे पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या ॲलिस वॉकर, ही या आडनावाची अमेरिकेतील ठळक नावे आहेत. त्यांपैकी मॅडम वॉकर जन्माने सारा ब्रीडलव्ह. वॉकर हे त्यांना पतीकडून आलेले नाव. यांच्या आडनावावरून यॉर्कशरच्या कापडाकडे बोट दाखविणे व्युत्पत्ती म्हणून बिनचूक आणि इतिहास म्हणून निरर्थक आहे. शब्दाचा उगम आणि तो शब्द धारण करणाऱ्या माणसाचा उगम या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आडनावांवरील लोकप्रिय लेखनात नेमकी याच ठिकाणी गल्लत होते.

भारताशी या तिन्ही आडनावांचा संबंध आला, तोही पुष्कळ अंशी पश्चिम भारताशी. बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारी १८०२ पासून रेसिडेंट असलेला कर्नल अलेक्झांडर वॉकर स्कॉटलंडमधील फाइफचा. १८०७ मध्ये काठेवाडच्या संस्थानिकांची खंडणी ठरवून देणारा ‘वॉकर करार’ त्याच्या नावाने ओळखला जातो; जाडेजा राजपुतांतील बालिकाहत्येविरुद्धही त्याने प्रयत्न केले. मुंबई उच्च न्यायालयाची १८७८ मध्ये पूर्ण झालेली इमारत जेम्स ऑगस्टस फुलर यांनी रचली. त्याच आडनावाचे बॅम्फिल्ड फुलर हे १९०५ च्या वंगभंगानंतर पूर्व बंगाल व आसामचे पहिले नायब राज्यपाल होते. आणि १८८२ मध्ये मुंबईस उतरून मुक्तिफौजेचे भारतातील कार्य सुरू करणारे फ्रेडरिक टकर यांनी भगवी वस्त्रे आणि ‘फकीर सिंग’ हे नाव स्वीकारले होते.

तथापि सामान्य भारतीयाच्या कानी वॉकर हे नाव पडले ते निराळ्याच वाटेने. स्कॉटलंडमधील किल्मार्नॉक येथे जॉन वॉकर नावाच्या दुकानदाराने १८२० मध्ये किराणा मालाचे दुकान काढले. पुढे त्याच्या घराण्याच्या मद्याला त्याचेच नाव मिळाले. १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने त्या मद्यासाठी झपझप चालत निघालेल्या सद्गृहस्थाचे चित्र काढले, आणि आडनावाचा चुकीचा अर्थ जगभरच्या बाटल्यांवर कायमचा चिकटला. मुंबईत बसवाहकाची नोकरी केलेल्या बदरुद्दीन काझी या विनोदी नटाला गुरुदत्त यांनी याच मद्यावरून ‘जॉनी वॉकर’ हे पडद्यावरील नाव दिले.